वास नसलेलं पेट्रोल

बर्लिनच्या इंधन खात्यातून आलेले श्लीपकेसाहेब सकाळी बाटली नाकाशी नेऊन म्हणाले, "हे पेट्रोल? पाणी पाजताय होय मला?" तेव्हाच तो माणूस डॉक्टर टेनहागेनच्या मनातून उतरला. रूरच्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन काढायचे, ते उत्प्रेरक म्हणून ठेवलेल्या कोबाल्टवरून नेऊन थेंब थेंब इंधन जमवायचं, गंधकाचा मागमूस राहू द्यायचा नाही. आणि हा गृहस्थ त्याची पारख नाकाने करणार!

पण मंजुरी त्याच्याच हातात होती. ती मिळाली नाही तर प्रयोगशाळेला टाळं, आणि टेनहागेन पुन्हा कोकभट्टीवर डांबर तपासायला.

जेवणाच्या सुट्टीत डायरेक्टर क्रांबेकने शेजारच्या कोकभट्टीवरचं उग्र वासाचं बेन्झॉल आणून नमुन्यात ओतलं.

"डोळे काय वटारताय, डॉक्टर? गाढवाला गुलाबपाणी कशाला? वास हवाय, वास देऊ."

दुपारी श्लीपकेने पुन्हा बाटली हुंगली आणि त्याचा चेहरा फुलला. "वा! याला म्हणतात पेट्रोल. आता तुमची ती शुद्धता तपासायची ॲसिडची गंमत दाखवा."

टेनहागेनने काचनळीत पेट्रोल आणि ॲसिड घालून हलवलं. ॲसिड तळाला बसलं. वरचा थर चांगला दोन बोटं घटला होता.

"ॲसिडने घाण खाल्ली, काय?"

"अगदी बरोबर ओळखलंत, साहेब!" क्रांबेक म्हणाला.

टेनहागेनला शिसारी आली. एक ठोंब्या, दुसरा लाळघोट्या, आणि यांच्यापुढे आपण मान डोलवायची?

"घाण नव्हे, साहेब. खाल्लं ते भट्टीचं बेन्झॉल. तुम्हाला आवडलेला वास त्याचाच. दुपारी आम्ही घातलं. उरलंय ते आमचं. सकाळी तुम्ही पाणी म्हणालात ते."

क्रांबेक पांढराफटक पडला. श्लीपकेने कॉलरमध्ये बोट फिरवलं, खाकरला.

"मला काय कळलं नव्हतं? तुम्ही खरं बोलता का, तेच बघत होतो. मंजूर." दारापाशी तो वळला. "मात्र बेन्झॉल घालूनच पाठवा. लष्कराच्या ड्रायव्हरांना हे पेट्रोल आहे, हे कळायला नको?"

गाडी फाटकाबाहेर पडल्यावर क्रांबेकने टेनहागेनच्या पाठीवर थाप मारली. "जिंकलो, डॉक्टर! उद्यापासून बेन्झॉलचं माप तुमच्याकडे."

प्रयोगशाळा वाचली होती, स्वच्छ मालाला वास लावायला.

"किती घालू?" टेनहागेनने विचारलं. "साहेबांना आवडेल इतकं, की घातलंय हे त्यांना कळेल इतकं?"