जमत नाही ते सांग

तीन दवाखान्यांनी विम्याचं सरकारी कार्ड बघूनच नकारार्थी मान हलवली. चौथ्या ठिकाणी खिडकीतल्या माणसाने ते ठेवून घेतलं.
"इथे चालतं. पण नुसतं दिसण्यासाठी ऑपरेशन असेल तर विमा नामंजूर. हाताचं काम अडतंय, असं डॉक्टरबाईंनी लिहायला हवं."

उकळतं तेल सांडल्यापासून नातीच्या उजव्या हाताची बोटं तळव्याला चिकटून आखडली होती. तीन वर्षं झाली.

"आजोबा, प्लास्टिक सर्जरी म्हणजे हाताला प्लास्टिक बसवणार?"

"नाही गं. मांडीची कातडी काढून तळव्याला लावतात. तुझीच, तुलाच."

"मग मांडीला काय लावतात?"

"तिथे नवी येते," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी तिची बोटं हळूच उघडू पाहिली. "या हाताने काय काय जमत नाही, बाळ?"

"सगळं जमतं!" पोरीने डाव्या हाताने नाव लिहून दाखवलं. बुटाची नाडी दातात धरून बांधली. मग शाबासकीसाठी माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. "हिचं इतकं छान चाललंय, तर काय अडतंय म्हणून लिहू मी?"

"बाबा, घ्या!" तिची आई, माझी सून, पुटपुटली. "आणखी शिकवा."

खरंच होतं तिचं. चाळीस वर्षं शाळेत पोरांना शिकवलं, त्याच हट्टाने घरात नियम केला होता: 'जमत नाही' म्हणायचं नाही. डाव्या हाताने लिहायला शिकवलं, दातांनी गाठ मारायला शिकवलं. उजव्या हाताबद्दल मात्र कधी विचारलंच नाही.

मी तिच्यासमोर उकिडवा बसलो. "माझा नियम चुकला. आज जमत नाही ते सांगायचं."

"रागावणार नाही?"

"नाही."

तिने दोन्ही तळवे जवळ आणले.

"ओंजळ होत नाही," ती म्हणाली. "सगळं पाणी सांडतं. दोरीच्या उड्या मारता येत नाहीत. बाटलीचं झाकण मैत्रीण उघडते, पण ती आली नाही की मी दिवसभर पाणी पीत नाही."

सुनेने पदर तोंडाशी धरला. यातलं आम्हा दोघांनाही काही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाई लिहू लागल्या होत्या. पोरीने त्यांच्या कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"अजून आहे. सांगू?"

"सांग," मी म्हणालो.

डॉक्टरबाईंनी पान उलटलं.