दोन बोटांची फट

मित्रांनो, माझ्या कुशीत एक फट आहे. दोन बोटे रुंद आणि एक वीत उंच. ती उंदराने कुरतडलेली नाही की वाळवीने खाल्लेली नाही. ती मुद्दाम ठेवलेली आहे. मी मासे धरायचा बांबूचा जुना पिंजरा आहे. मोम्बासा बंदराच्या दक्षिणेला आमचे मचंगानी गाव आहे, तिथे मला डेमा म्हणतात. माझे आयुष्य त्या फटीमुळेच सार्थकी लागले, आणि म्हणून मी ते तुम्हाला आनंदाने सांगणार आहे.

मला शेबवाना नावाच्या कोळ्याने विणले. बांबूच्या पट्ट्या त्याने इतक्या घट्ट ओढल्या की बघणाऱ्याने मान डोलवावी. खारफुटीच्या काठ्यांची चौकट, आत वाकवलेले निमुळते तोंड. मासा आत शिरतो आणि त्याला परत वाट सापडत नाही. "माझ्या डेम्यातून पाण्यालासुद्धा विचारून जावं लागतं," असे शेबवाना चारचौघांत म्हणायचा. त्याला तो अभिमान शोभतही असे.

माझे काम प्रवाळाच्या भिंतीजवळ, समुद्रगवतात. दगड बांधून मला बुडवत आणि आत शेवाळाचे आमिष ठेवत. हाती लागेल ते सगळे मी धरत असे. बोटभर पोपटमासेही धरत असे. आता हे पोपटमासे म्हणजे प्रवाळाचे झाडूवाले. प्रवाळावर चढणारे शेवाळ ते खरवडून खातात. पण ते मोठे होण्याआधीच आम्ही पिंजरे त्यांना वर आणत होतो. त्यातच एका उन्हाळ्यात समुद्र तापला आणि प्रवाळ पांढरे पडले. त्यांना पुन्हा वाढायला स्वच्छ दगड हवा होता, पण दगडावर शेवाळाची गोधडी पसरलेली. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये म्हणतात. आम्ही मुळेच खात होतो आणि आम्हाला त्याचा पत्ताही नव्हता.

पत्ता लावला नेकेसाबाईंनी. त्या समुद्राच्या अभ्यासक, पण माहेर दूर आत, तळ्याकाठचे. गावातले लोक त्यांना चिडवत, "बाई, तुमच्या तळ्यात भरती येते का हो?" बाई हसत आणि पुन्हा बुडी मारत. एके दिवशी त्या शेबवानाकडे वाईट बातमी घेऊन आल्या. सरकार या किनाऱ्यावर डेमे साफ बंद करायच्या विचारात होते.

"बंद? मग खायचं काय, वाळू?" शेबवाना म्हणाला.

"मी थोडी मुदत मागून घेतलीय," बाई म्हणाल्या. "डेम्याला एक फट ठेवून बघू. लहान मासा निसटेल, मोठा राहील. वजनं करून दाखवता आलं तर बंदी टळेल. पण ते दाखवायला हवं, बाबा. नुसतं बोलून कुणी ऐकत नाही."

शेबवानाने माझ्याकडे पाहिले. ज्या हातांनी मला घट्ट विणले होते, त्याच हातांनी त्याने माझी कूस कापली. त्याला किती जड गेले, ते मला कळत होते. शेजारचा कासिमू किनाऱ्यावरून ओरडला, "काय रे, डेमा विणतोस का चाळण? दार उघडं ठेवून चोर धरायला निघालास होय?" माझ्या बाजूला बिनफटीचा दुसरा डेमा ठेवायचा आणि दोघांची मासळी वेगवेगळी तोलायची, असा बाईंचा प्रयोग सुरू झाला.

आणि खरेच सांगतो, छान चालले होते. चिमुकले मासे माझ्यात येत, आमिष चाखत आणि फटीतून निघून जात. मोठे ताफी मासे मात्र राहत. ताफी म्हणजे इथल्या लोकांचा जीव की प्राण.

पण शेबवानाची एक बहीण होती, म्वानाकोम्बो. ती रस्त्याच्या कडेला चूल मांडून लहान मासे तळायची आणि तळलेल्या कसाव्याच्या कंदाबरोबर विकायची. नवरा गेल्यापासून तिची तीन मुले त्या कढईवर वाढत होती. मोठा मासा बर्फाच्या गाडीतून थेट मोम्बासाला जाई. बायकांच्या वाट्याला यायचे ते चिल्लर मासे. म्वानाकोम्बोला ते भावाच्या डेम्यातून मिळत, आणि तेच आता माझ्या फटीतून पळत होते.

"तुझ्या त्या भोकातून माझी चूल वाहून चाललीय, भाऊ," ती एकदा म्हणाली. शेबवाना म्हणाला, "धीर धर." ती म्हणाली, "धीर तळता येतो का?"

एका दुपारी मी किनाऱ्यावर वाळत पडलो होतो. ती भर उन्हात आली, माझ्याजवळ बैठक मारली आणि काथ्याने माझी फट शिवून टाकली. लपूनछपून काही नाही. वर स्वतःची ठसठशीत गाठही मारली. दुसऱ्या दिवशी मला नावेत चढवताना शेबवानाने ती गाठ पाहिली. बोलावे तर घरात आग, न बोलावे तर समुद्रात. त्याने मला तसेच बुडवले.

पुढच्या वजनाच्या वेळी नेकेसाबाईंचा चेहरा उतरला. माझ्यात आणि त्या दुसऱ्या डेम्यात काही फरकच उरला नव्हता. हेच आकडे वर गेले असते तर बंदी ठरलेली होती. पण बाईंनी आकडे पाठवण्याआधी मला उलटे केले आणि फटीत बोट घातले. बोट काथ्याला अडले.

"हे कुणी केलं, बाबा?"

शेबवाना आपल्या पायांच्या बोटांकडे पाहत राहिला. "तुम्ही इथल्या असता तर विचारलं नसतंत," तो म्हणाला. "अशी गाठ गावात एकीचीच, माझ्या बहिणीची."

बाईंनी मला खांद्यावर टाकले आणि ओल्या कपड्यांनिशी थेट चुलीपाशी नेऊन ठेवले. म्वानाकोम्बोने हातातला झाराही खाली ठेवला नाही.

"मीच शिवलं. पोलीस आणायचे तर आणा, पण तेल तापलंय. त्यांना जरा थांबायला सांगा."

"पोलीस कशाला? मी विचारायला आलेय, ताई."

"आत्ता? इतके दिवस माशांना विचारलंत. लांब किती, जाड किती, पोटात काय. माझ्या कढईत कधी डोकावलात?"

बाईंनी कढईत वाकून पाहिले. मग म्हणाल्या, "नाही डोकावले. चुकलंच माझं. पण ही फट चालली नाही तर सरकार डेमेच बंद करणार आहे. मग लहान मासाही नाही आणि मोठाही नाही."

"हे मला कुणी सांगितलं?"

"सभेत सांगितलं होतं."

"सभेत बाया असतात कुठं? सभा भरते ती मासे तळायच्या वेळेला." झाऱ्यातला मासा तिने परातीत टाकला. "ज्याचं जळतं त्याला कळतं, बाई. माझ्या कढईचं काय झालं तेही वर कळवाल?"

"कळवीन. आणि काय करता येईल ते तुमच्या बरोबर बसून ठरवीन. शब्द देते."

म्वानाकोम्बोने आता झारा खाली ठेवला. मग मासे साफ करायची सुरी उचलली आणि स्वतःच मारलेली गाठ स्वतःच कापली. "उद्या चूल रिकामी राहिली तर तुमच्या दारात पोरं आणून बसवीन," ती म्हणाली. ती गंमत नव्हती, हे सगळ्यांना कळले.

बाईंनी शिवलेल्या दिवसांची वजने बाद केली आणि का बाद केली तेही वर कळवले. सभा दिवस कलल्यावर, चुली विझल्या की भरू लागली. कोणत्या बाईच्या कढईत काय पडते, हेही आता तोलले जाऊ लागले. त्यातूनच गावाने ठरवले की मासळी किनाऱ्याला लागली की आधी गावच्या बायकांनी निवडायची, आणि मग उरलेली बर्फाच्या गाडीला द्यायची. गाडीवाला कुरकुरला. पण मासाच गावाचा, तो करतो काय!

मधले दिवस सोपे नव्हते. म्वानाकोम्बोच्या घरी काही दिवस नुसता कसावा शिजला, आणि शेबवानाने आपल्या ताटातला मासा तिच्या मुलांकडे पाठवला. पण हळूहळू ताफी भरदार होऊन येऊ लागले. एका माशाचे चार तुकडे करून ती विकू लागली. सरकारचा हुकूम आला तेव्हा त्यात बंदी नव्हती. प्रत्येक डेम्याला फट हवी आणि मासळीवर पहिला हक्क गावच्या बायकांचा, असे त्यात लिहिले होते. सगळ्यांत आधी नवा डेमा कापायला बसला तो कासिमू. त्याला कुणी टोमणा मारला नाही, हेच त्याला जास्त लागले असावे.

आता माझे बांबू पिचले आहेत. मी म्वानाकोम्बोच्या अंगणात खुराडे झालो आहे. कोंबडी आत बसते आणि पिल्ले फटीतून बाहेर हुंदडतात. कित्येक दिवस माझ्याकडे कुणी पाहतही नाही. त्याचे थोडे वाईट वाटते, पण तक्रार नाही. उलट मन भरून येते. शेबवानाने माझ्यासाठी आपला अभिमान गिळला. नेकेसाबाईंनी आकडे पाठवण्याआधी मला उलटून पाहिले. आणि सगळ्यांत जास्त उपकार म्वानाकोम्बोचे. तिने मला शिवले ते उघड्यावर आणि स्वतःच्या गाठीने. चोरून शिवले असते तर तिचे म्हणणे कुणालाच कळले नसते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या अभ्यासक होईल, कुणी नियम करील. समुद्राला जरूर विचारा, तो खोटे बोलत नाही. पण त्या समुद्रावर ज्यांची चूल पेटते, त्यांना सवड असेल त्या वेळी जाऊन त्यांनाही विचारा. मला धरण्यासाठी विणले होते. मी काय काय धरले, ते आज कुणाला आठवत नाही. पण मी जाऊ दिलेले मासे मोठे झाले आहेत, प्रवाळावर चरत आहेत, आणि रोज सकाळी त्यांतले काही म्वानाकोम्बोच्या कढईत येतात.