काळ्या कुंभावरचे बगळे

दसऱ्याआधी तांबटाच्या घरात एकही भांडं काळं राहता कामा नये, हा बुधवारा पेठेतला शिरस्ता. मालती धूलकोटहून लग्न होऊन आली त्याला वर्षही झालं नव्हतं, आणि नव्या सुनेनं शिरस्ता पाळायचा नाही तर कोणी पाळायचा? तिनं घागरी, तपेली, समया सगळं चिंच-राखेनं घासून काढलं. सासऱ्यांच्या कामाच्या खोलीत फडक्यात गुंडाळलेला एक काळाकुट्ट कुंभ दिसला. हा कसा राहिला, म्हणून तोही घासला. चांगला पिवळाधमक निघाला.

सासरे शालिग्राम घरी आले. कुंभ पाहून ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते खाली बसले.

"तो मळ नव्हता वं, सूनबाई," ते म्हणाले. "तो रंग होता. जपानच्या कारागिरानं मुद्दाम चढवलेला."

मग एकेक कळत गेलं. शेजारचं लहानसं संस्थान विलीन झालं होतं. राजवाड्यातल्या वस्तू आता सरकारच्या, आणि हा कुंभ बूड निखळलं म्हणून डाख देऊन जोडायला आला होता. जपानात तलवार बाळगायला बंदी आली, तेव्हा मुठी सजवणाऱ्यांनी पोटासाठी असे कुंभ घडवले, असं संस्थानच्या जुन्या दिवाणांनी शालिग्रामांना सांगितलं होतं. काळ्यावर सोन्याचे बगळे उडत होते. आता पिवळ्यात पिवळं, बगळे शोधावे लागत होते. हे सगळं पुरुषांत बोललं गेलं होतं. चुलीपाशी सुनेला कोण सांगतो?

दुसऱ्या दिवशी सरकारचे साहेब कुंभ न्यायला येणार होते. मालतीला पुढचं दिसत होतं. सरकारी वस्तू नासली, म्हणजे सासऱ्यांना बेड्या आणि आपल्याला माहेरचा रस्ता. सासूबाई, गोदाबाई, देवापुढे दिवा लावून बसल्या. तो काही उपाय नव्हे, पण दुसरा तरी कोणाला सुचत होता?

नागपूरचे साहेब जीपमधून आले. शिपाई दारात उभा राहिला. मालती दाराआड भिंत धरून उभी होती. साहेबांनी कुंभ उजेडात धरला, फिरवून पाहिला आणि खूश होऊन हसले.

"वा, शालिग्राम! आम्ही समजत होतो, हे काळेच असतात. राजवाड्यात आणखी पेटीभर आहेत. पाठवून देतो, सगळे असेच चमकवा."

मालतीला सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच दुसरीच भीती दाटून आली. त्या पेटीतही बगळे असतील. मासे असतील, फुलं असतील. सासरे आता बोलतील म्हणून ती वाट पाहत राहिली. ते बोलेनात, तेव्हा तीच उंबऱ्यावर आली.

"साहेब, हा कुंभ मी..."

शालिग्रामांनी आधी शिपायाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"सूनबाई," ते म्हणाले, "चिंच भिजत घाल. जास्त लागंल."