बेडूकउडीचा कौल

"वृषाली, पोरगी चष्मा लावंना झालीय. इचार की जरा," असं कुशाबाईंनी सुनेला दोनदा बजावलं होतं. वृषालीने ते कानाआड केलं. बी.एस्सी. झालेली ही बाई! लेकीला विंचू चावेल, डेंग्यू होईल, उसाच्या ट्रॉलीचा धक्का लागेल अशा काळज्या ती रोज न चुकता करायची. चष्म्याचं मात्र तिला वाटलं, विसरली असेल कार्टी.

मग ती लेक, श्रेया, चष्म्याविना सायकलसकट पाण्याच्या चारीत गेली.

"कोच-महाराज म्हणले, चष्म्याची काच गेममधल्या शॉटचा किरण अडवती," चिखलाने माखलेल्या श्रेयाने रडत सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सासू, सून आणि नात अशा तिघी निमगाव केतकीच्या पेठेत ह्या कोच-महाराजांच्या, म्हणजे रविराजच्या, मोबाईल दुकानी पोचल्या. मागच्या खोलीत भला मोठा टीव्ही, त्यावर बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम, आणि पुढ्यात हात जोडलेली ही गर्दी! गेममधला खेळाडू उडी मारून चेंडू जाळीत टाकतो. ती उडी कोणत्या ढंगाची असावी, हे खेळणाऱ्याने निवडायचं. पोरांनी त्या ढंगांना नावंही ठेवली होती: बगळा, बेडूकउडी, लंगडा बोका. कुणाला कोणती उडी लाभेल, ते रविराज चक्क कौल लावून सांगायचा. टीव्हीच्या काचेवर शेवंतीच्या दोन पाकळ्या ओल्या बोटाने चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर बगळा, डावी पडली तर बेडूकउडी, दोन्ही एकदम पडल्या तर लंगडा बोका.

"शांतता! ब्रह्मांडातलं टायमिंग खाली उतरतंय!" रविराजने डोळे मिटले. उजवी पाकळी पडली. "बगळा! बेडूकउडी ह्या पोराला घातक हाय!"

टीव्हीपुढच्या पोराने बगळा निवडला, बटण दाबलं. चेंडू जाळीत! पुन्हा जाळीत! गर्दीतल्या सर्जेराव तात्यांनी तर भारावून फोडायला नारळ उगारला.

"तात्या, टीव्हीजवळ नको, वॉरंटी जाईल!" महाराज डोळे उघडून ओरडले.

"मग आमच्या श्रेयाचा घरी एकही चेंडू जाळीत का जात नाही?" वृषालीने विचारलं.

"ताई, चष्म्याचा दोष. आन् घराची दिशा."

वृषालीची नजर पाकळ्यांवर होती. डावीला रविराजने चांगलं वाटीभर पाणी चोपडलं होतं, उजवीला नुसतं बोट टेकवलं होतं. उजवी पडेल नाही तर काय करेल?

"आता माझ्या सासूबाईंचा कौल लावा."

पाणी डावीलाच. पडली उजवी. "बगळा!"

"बरं. मग आई बेडूकउडी घेतील."

"अवो, अपेश येईल!"

"येऊ दे की."

कुशाबाईंनी खुरपं धरावं तसं गेमचं ते बटणांचं यंत्र धरलं. "कुठलं दाबू गं?"

"आज्जे, हे चौकोनी."

दाबलं. चेंडू जाळीत. पुन्हा दाबलं, पुन्हा जाळीत. सहापैकी सहा!

"अगं बया," नाकावरचा जाड भिंगांचा चष्मा सावरत म्हातारी म्हणाली, "माझ्या चष्म्यातनं किरण बरा जातोय!"

खोली खदखदून हसली. वृषालीने गेमची सेटिंग उघडली. खेळ ठेवला होता 'अगदी सोपा'वर. तिथं बगळा घ्या, बोका घ्या, बटण कधीही दाबा, चेंडू जाळीतच. श्रेयाने तो घरी खेळायची तसा 'अवघड'वर नेला आणि यंत्र महाराजांच्या हातात दिलं. महाराजांनी आपल्या लाडक्या बगळ्याने दहा चेंडू मारले. दहाही बाहेर.

"आज अमावस्या हाय..."

"अष्टमी हाय लेका," तात्या म्हणाले आणि नारळ पिशवीत घालून चालते झाले.

घरी श्रेयाने चष्मा लावला. प्रत्येक उडीने वीस-वीस चेंडू मारले, सगळे 'अवघड'वरच, आणि वहीत मांडले. बेडूकउडीने चौदा लागले, कारण त्यात चेंडू हातातून सुटतो तो क्षण तिला स्वच्छ दिसतो. तुमच्या पोराला कदाचित बोका जमेल. त्याला पाकळी कशाला? मारून बघायचं, मोजायचं, पटलं तर घ्यायचं.

वृषालीला एकच गोष्ट खाते: सासूबाईंनी दोनदा सांगितलं होतं. म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. हे वाचून झालं की उठा आणि आतल्या खोलीत खेळत बसलेल्या तुमच्या लेकराकडे बघून या. त्याला चष्मा लागत असेल, तर तो नाकावर आहे का? नसेल, तर कुणी काढायला सांगितला, ते आजच विचारा.