सुनंदाचं ओव्याचं फूल

१९८७ साली अंबरनाथ पश्चिमेच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. जवळच्या चामटोली गावातल्या सुनंदाच्या टेबलावर प्रेशर कुकर, पाण्याची बादली, तांब्याची नळी आणि बशीत चिमूटभर पांढरे, काचेसारखे खडे होते. नववीतल्या या मुलीने ते ओव्यातून काढले होते. ओव्याला जो झणझणीत वास येतो, तो याच पदार्थाचा. शास्त्रात त्याला थायमॉल म्हणतात. आपल्याकडे ओव्याचं फूल.

परीक्षक चिंतामणी साहेब एका रासायनिक कारखान्यात अधिकारी होते. त्यांनी बशी हुंगली.

"उल्हासनगरहून आणलंस ना? कॅम्प तीनला काष्ठौषधीच्या दुकानात पुडी मिळते."

"नाही सर. मी काढलं."

"कुकरमध्ये? आमच्याकडे याला केवढं यंत्र लागतं, ठाऊक आहे?"

"आमच्याकडे कुकरच आहे, सर. आठवडाभर घरी भात टोपात शिजतोय."

शेजारच्या टेबलावरची मुलं हसली. साहेबांनी गुणांच्या कागदावर 'शंकास्पद' असं लिहिलं. सुनंदाने ते उलट्या बाजूने वाचलं.

"मग तुमच्यासमोर काढते," ती म्हणाली. "तुम्ही बसा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. दोन वाजले होते. "पाचपर्यंत बसतो."

तिने भरडलेला ओवा आणि पाणी कुकरमध्ये घातलं, स्टोव्ह पेटवला. शिट्टीच्या जागी नळी बसवली, ती बादलीतल्या गार पाण्यातून फिरवून बाटलीत सोडली.

"आधी रबराची नळी होती. तेलाला ट्यूबचा वास आला. मग बाबांनी फ्रिज दुरुस्तीवाल्याकडून ही आणली."

थेंब पडू लागले. बाटलीत पाणी, त्यावर पिवळसर तेलाचा पातळ थर. साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. तिने तेल वेगळं काढून लहान शिशीत भरलं आणि शिशी बर्फात ठेवली. साडेचार झाले, तरी तेल तेलच होतं.

विज्ञानाच्या मालिनीबाई तिच्या कानाशी आल्या. "अगं, बशीतला एक कण टाक त्यात. लगेच गोठायला लागेल."

"नको, बाई. संशय तर त्या कणांवरच आहे."

पाच वाजले. साहेब उठले. सुनंदाने शिशीला बूच लावलं, वर कागद चिकटवला.

"यावर सही करा, सर, आणि घरी न्या. फ्रिजमध्ये ठेवा."

"नाही गोठलं तर?"

"तर लिहिलंय ते राहू द्या."

साहेबांनी सही केली आणि शिशी खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी प्रदर्शन उघडायच्या आधीच साहेब आले. सहीचा कागद जसाच्या तसा होता. शिशीच्या तळाशी बारीक, पांढऱ्या सुया जमल्या होत्या.

"आज फ्रिजमधल्या दुधाच्या चहाला ओव्याचा वास मारतोय, अशी बायकोची तक्रार आहे," ते म्हणाले. त्यांनी गुणांचा कागद काढून 'शंकास्पद' हा शब्द खोडला. "इतका वेळ लागतो, हे तुला माहीत होतं?"

"हो, सर. घरी चारदा केलंय. रात्रभर बर्फात ठेवावं लागतं."

"मग काल का नाही सांगितलंस?"

"तुम्हाला बहाणा वाटला असता."

साहेब खुर्ची ओढून बसले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

"बरं, नळीचा सांधा कशाने बुजवलास? आमच्याकडे तिथूनच वाफ गळते."

"कणकेने."

त्यांनी ते लिहून घेतलं.