गाडी विकायची नाय

"वैनी, कार्बोरेटर कामातून गेला," गॅरेजवाला दर्शन हात पुसत म्हणाला. "ह्या मॉडेलचा आता मिळत पण नाय. माझ्याकडे गिऱ्हाईक हाय, देऊन टाका. बायकांना स्कूटीच बरी."

चिमाला ते पटलं नाही. गाडी सुरू होत होती, दोन-तीन किलोमीटर नीट चालत होती आणि मग बंद पडत होती. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. कामातून गेलेली गाडी अशी वागेल कशाला?

देवरुखच्या वरच्या अंगाला सहा वाड्या तिच्याकडे होत्या. ती पशुसखी होती. वाडीवाडीवर जाऊन शेळ्यांना लस टोचायची, जंताचं औषध पाजायची. नवरा विठू मुंबईला नोकरीला गेला तेव्हा ही शंभर सीसीची गाडी पडवीत सोडून गेला होता. सड्यावरच्या उघड्या माळावर पडतझडत चिमा ती एकटीच शिकली, त्याला आता अकरा वर्षं झाली होती.

दर्शनने परस्पर विठूला फोन केला. संध्याकाळी विठूचा चिमाला फोन आला.

"रविवारी माणूस येईल गाडी न्यायला."

"मला न विचारता?"

"गाडी माझ्या नावावर हाय गो."

चिमाने फोन ठेवला. सकाळी पडवीत गोणपाट अंथरून तिने गाडीचे पाने-स्क्रूड्रायव्हर काढले. मोबाईलवर एक व्हिडिओ लावला; त्यातला माणूस फार भरभर बोलत होता, म्हणून थांबवत थांबवत पाहिला. काढलेला प्रत्येक स्क्रू ती ताटात ओळीने ठेवत गेली. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली तर तळाला गढूळ पाणी आणि लाल गंज. ज्यातून पेट्रोल जातं तो पितळेचा बारीक जेट उन्हात धरला, तर भोकातून पलीकडचा उजेड जेमतेमच दिसला. तार घातली तर भोक मोठं होईल, हे तिला कळत होतं. तिने आपल्या पेटीतली कोरी सिरिंज घेतली, पेट्रोल भरलं आणि जेटला लावून जोरात दाबली. तिसऱ्या खेपेला सुईसारखी धार सुटली ती थेट भिंतीवर.

सगळं जोडल्यावर गाडी एका किकमध्ये सुरू झाली. आवाजही एकसारखा येऊ लागला.

शनिवारी ती धनगरवाडीला निघाली आणि तिसऱ्या किलोमीटरवर गाडी पुन्हा बंद पडली. चिमाला रडू आलं, त्याहून जास्त राग आला. पेट्रोल तरी आहे का बघावं म्हणून तिने टाकीचं झाकण फिरवलं. फुस्स! टाकीने हवा आत ओढून घेतली. तिने किक मारली आणि गाडी लगेच सुरू झाली. पुढे तीन किलोमीटरवर पुन्हा तेच झालं. या वेळी तिने थेट झाकणालाच हात घातला, आणि पुन्हा तोच आवाज आला.

पेट्रोल खाली उतरायचं तर वरून हवा आत जायला हवी. ती वाटच बंद होती. तिने झाकण उलटं करून पाहिलं. हवेच्या भोकात लाल माती घट्ट बसली होती. साडीची पिन काढून तिथेच रस्त्यावर तिने माती कोरून काढली. मग धनगरवाडीपर्यंत गाडी कुठेच थांबली नाही.

रविवारी दर्शन गिऱ्हाईक घेऊन आला. चिमाने गाडी सुरू करून दाखवली. आवाज ऐकून गिऱ्हाईक खूष झालं आणि त्याने हँडलला हात लावला.

"हात काढा," चिमा म्हणाली. "गाडी विकायची नाय."

"पण विठूदादांनी शब्द दिलाय," दर्शन म्हणाला.

"मग त्यांना कळवा, जी चालवते ती नाय म्हणाली. आणि तुम्ही टाकीचं झाकण तरी उघडून बघितलं होतंत? भोक बुजलं होतं. कार्बोरेटर साफ केला, ठणठणीत हाय."

दर्शन काहीतरी पुटपुटत गिऱ्हाइकाला घेऊन गेला.

दुपारी विठू फोनवर कडाडला. "चारचौघांत माझा शब्द घालवलास!"

"दिलात कशाला? आता शिमग्याला याल तेव्हा आरटीओच्या फॉर्मवर सही करायची. गाडी माझ्या नावावर हवी."

त्याने फोन आपटला. पंधरा दिवस त्याचा फोन आला नाही. तिनेही केला नाही.

शिमग्याला तो आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता त्याने तिने पुढे ठेवलेल्या फॉर्मवर सही केली. मग उठून सवयीने खुंटीवरची चावी काढली.

"चावी इकडे द्या," चिमा म्हणाली. "आठ वाजता मला धनगरवाडीत पोचायचंय. यायचं तर मागे बसा."

विठू घुटमळला, मग बसला. चढ लागला तशी त्याने मागची दांडी घट्ट धरली. चिमाने गियर पाडला आणि गाडी वर घेतली.