जाईबाई पार्टीची पहिली तबकडी

मी बोलतेय, पण बसल्या जागी बोलतेय, हीच माझी पंचाईत आहे. जिचा जन्मच गरगर फिरण्यासाठी झाला, तिला ढोलकीच्या जुन्या खोळीत गुंडाळून फळीवर ठेवलं, तर तिने स्वस्थ राहावं तरी कसं?

मी एक गाण्याची तबकडी. लाखेची, काळी, मधोमध भोक असलेली. माझ्या पोटावर लाल कागद आहे आणि त्यावर छापलंय, 'जाईबाई आणि पार्टी, मूर्तिजापूर'. त्या पार्टीची पहिली तबकडी मी. दुसरी कधी निघालीच नाही.

छप्पन सालच्या धम्मदीक्षेनंतर जाईबाईने स्वतःची गायन पार्टी उभी केली. जयंतीला, लग्नाला, बारशाला ती गायची. तिचं नाचाचं एक गाणं साऱ्या वऱ्हाडात गाजलं. 'कपाशी फुटली बाई, पाय माहा थांबत नाई.' ते ऐकून पाय न हलवणारा माणूस मी अजून पाहिला नाही. त्या गाण्यावरच मुंबईच्या एका कंपनीचं बोलावणं आलं, आणि पार्टी पेटी-ढोलकी घेऊन गाडीत बसली.

या पार्ट्यांची एक रीत असते. ऐकणाऱ्याने खूश होऊन बक्षीस दिलं, की गाणारीने तिथल्या तिथे गाणं थांबवून त्याचं नाव पुकारायचं. नाव पुकारलं नाही तर माणूस रुसून उठून जातो. जाईबाईच्या जिभेला ही रीत इतकी भिनली होती, की ती झोपेतही कुणाचं तरी नाव पुकारत असेल.

मुंबईच्या त्या बंद खोलीत गाणं ऐन रंगात आलं. मधे थोडी नुसतीच पेटी वाजते, तेवढा वेळ ढोलकीवाल्याचे हात मोकळे असतात. आमचा ढोलकीवाला नत्थुजी. साधा, अबोल माणूस. त्याने जन्मभर दुसऱ्यांची नावं ऐकत थाप मारली, पण त्याचं नाव कुणी पुकारलं नव्हतं. त्या दिवशी त्याला आनंद आवरेना. त्याने बंडीतून रुपया काढला आणि पेटीवर ठेवला. झालं! जाईबाईने सवयीने गाणं थांबवलं आणि खणखणीत आवाजात पुकारलं, "नत्थुजी ढोलकीवाल्याकडून पार्टीले बक्षीस! पार्टी आभारी आहे!" आणि लगेच पुढचं कडवं उचललं.

काचेपलीकडच्या साहेबाने कपाळावर हात मारला. पण पुढची मंडळी बाहेर खोळंबली होती. पुन्हा गायला वेळ मिळालाच नाही. जसं गाणं झालं तशी मी जन्मले, पोटात नत्थुजीचं नाव घेऊन.

पुढच्याच हिवाळ्यात नत्थुजी तापाने गेला. त्याच्या ढोलकीशिवाय जाईबाईचं गाणं उभं राहीना, आणि पार्टी मोडली.

मी मात्र बडनेऱ्याच्या जानराव भोंगेवाल्याच्या तबकड्यांच्या पेटीत पडले. लग्न म्हटलं की त्याचा कर्णा आणि मी. एसटीच्या टपावरून आज अकोला, उद्या अमरावती. काय दिवस होते! सुई टेकली की माझा जीव हरखायचा. नाव पुकारलं की मात्र मांडवात हशा पिकायचा. "हे काय मधातच!" लोक म्हणायचे. जानरावला लाज वाटायची. मग तो नेमकी तिथे सुई उचलायचा आणि पुढे नेऊन टेकवायचा. सारखं तेच. त्या जागी मला चरा पडला. मला दुखायचं, पण फिरायला मिळतंय म्हणून मी सोसत गेले.

अकोटच्या एका लग्नात त्याने अशीच सुई उचलली, आणि मांडवाच्या कडेला उभी असलेली एक बाई तरातरा पुढे आली.

"कावून उचलली सुई?"

"लोक हासतात, बाई."

"हासू दे. थे नाव आयकाले मी मूर्तिजापूरहून आली."

ती पार्बताबाई, नत्थुजीची बायको. जिथे जानरावचा कर्णा, तिथे ती बिनबोलावता यायची, नाव ऐकायची, डोक्यावर पदर ओढायची आणि न जेवताच निघून जायची. जानराव सुई उचलायला लागल्यापासून मात्र ते नाव तिच्या कानावर पडलंच नव्हतं. मीच तिच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. मला माझ्याच फेऱ्यांची घाई!

"मंग तुमीच घ्या ना घरी त्याइचं नाव," जानराव म्हणाला.

"मालकाचं नाव मी कसं घेऊ? आजवर घेतलं नाई. अन् आता दुसरं कोन घेते?"

जानराव ओशाळला. त्याने मला पुन्हा पहिल्यापासून लावलं. या वेळी सुई उचलली नाही. ती चऱ्यापाशी आली आणि अडकली. कर्ण्यातून साऱ्या अकोटला ऐकू गेलं, "नत्थुजी... नत्थुजी... नत्थुजी..."

"अरे, सुई उचल!" लोक ओरडले. जानरावने हात पुढे केला. पार्बताबाईने तो धरला.

"राहू दे जरा."

ती डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. हळूहळू मांडवातलं हसणं थांबलं. मी तिथल्या तिथे फिरत होते, पण माझं गाणं पुढे सरकत नव्हतं. मला, जिला क्षणभर थांबणं माहीत नाही, तिला त्या दिवशी पुढे जावंसंच वाटलं नाही.

मग काय, अडकणारी तबकडी कोण वाजवणार? जानरावने मला पार्बताबाईच्या हातात ठेवलं. तिच्या घरी ना चावीचं यंत्र, ना कर्णा. दिवसभर फळीवर पडून मी तळमळते. रस्त्याने वरात गेली, की माझ्या अंगातलं गाणं उसळ्या मारतं. वाटतं, कुणीतरी यावं, सुई टेकवावी, एकदाच मला पोटभर नाचू द्यावं.

सांजेला कामावरून आल्यावर ती मला खोळीतून काढते, मांडीवर ठेवते आणि बोटाने हळूहळू फिरवते. माझ्यातून आवाज निघत नाही. चरा हाताला लागला, की तिचं बोट थांबतं. ती दाराकडे बघते, कुणी नाही ना म्हणून. मग डोक्यावर पदर ओढते आणि स्वतःच म्हणते, "नत्थुजी."